जुन्याचा पारखी, नव्याचा सौदागर

पॅरिसमधील रू द प्रोव्हान्स आणि रू शोशा हे दोन रस्ते जिथे मिळतात, त्या कोपऱ्यावरच्या इमारतीने १८९५ च्या अखेरीस कात टाकली. वास्तुरचनाकार लुई बोनिए याने तिचा दर्शनी भाग बदलला, इंग्लिश चित्रकार फ्रँक ब्रँग्विन याने बाहेरच्या भिंतींवर चित्रपट्ट्या रंगवल्या आणि २६ डिसेंबर रोजी दालनांचे दरवाजे लोकांसाठी उघडले. आत बेल्जियमच्या हेन्री व्हान द व्हेल्ड याने सजवलेल्या खोल्या होत्या, अमेरिकेहून आलेली इंद्रधनुषी काच होती, फ्रेंच कुंभारांची जाड झिलईची भांडी होती, रोदँची शिल्पे होती. दारावरच्या पाटीने या साऱ्याला एकच नाव दिले होते: आर्ट नूव्हो, म्हणजे नवी कला. पुढे हे नाव एका दुकानापुरते उरले नाही. युरोपातील एका संपूर्ण कलायुगाला ते चिकटले. मात्र नव्या कलेची ही पेठ ज्याने थाटली, तो सत्तावन्न वर्षांचा माणूस जुन्या वस्तूंचा व्यापारी होता. सुमारे वीस वर्षे जपानची जुनी भांडी विकून त्याने आपले नाव आणि भांडवल उभे केले होते. त्याचे नाव सिगफ्रीड बिंग.

जुन्या भांड्यांच्या आणि कलात्मक काचेच्या धंद्यात नफा कशावर मिळतो, या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर बिंगच्या आयुष्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. या धंद्याच्या दोन्ही बाजू त्याने पाहिल्या. जुन्याने त्याला तारले आणि नव्याने त्याला अमर केले. पण ज्याने तारले त्याचा सारा गल्ला ज्याने अमर केले त्याच्यापायी रिता होत गेला.

बिंगचा जन्म २६ फेब्रुवारी १८३८ रोजी हॅम्बर्ग येथील एका ज्यू व्यापारी कुटुंबात झाला. फ्रान्समधून पोर्सेलिनची आणि काचेची भांडी आणून जर्मनीत विकणे हा घरचा व्यवसाय. पुढे या कुटुंबाने मध्य फ्रान्समधील सँ-जनू या गावातील पोर्सेलिनच्या कारखान्यातही हात घातला आणि तरुण सिगफ्रीड फ्रान्सला आला. माती कशी मळतात, भट्टी किती तापवावी लागते, झिलई कुठे फसते, एका भट्टीत किती माल वाया जातो, ही या धंद्याची बाराखडी आहे. दुर्मिळ वस्तूंचे बहुतेक व्यापारी वस्तूकडे बाहेरून पाहतात. बिंग त्या घडविणाऱ्यांच्या जगातून आला होता आणि हा फरक त्याच्या कामी आयुष्यभर येत राहिला. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर फ्रान्समध्ये जर्मन माणसाकडे संशयाने पाहिले जात असे. बिंगने मात्र पॅरिस सोडले नाही. १८७६ मध्ये त्याने फ्रेंच नागरिकत्व घेतले.

याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला एक जुनी व्यवस्था कोसळत होती. १८६८ मध्ये जपानमध्ये शोगुनांची सत्ता संपून सम्राटाच्या नावाने नवे राज्य सुरू झाले. १८७१ मध्ये सरदारांची संस्थाने खालसा झाली. १८७६ मध्ये सामुराईंचे वंशपरंपरागत तनखे बंद करून त्यांच्या हाती रोखे ठेवण्यात आले आणि तलवार बाळगण्यावरही बंदी आली. शिंतो पंथाला राजाश्रय मिळाल्यावर अनेक बौद्ध मठांची दैना झाली. पिढ्यान्‌पिढ्या कोठारांत जपलेल्या वस्तू अशा रीतीने बाजारात आल्या. लाखकामाच्या पेट्या, तलवारींच्या मुठी, रेशमी वस्त्रे, चहाविधीचे वाडगे असे सारे काही त्यात होते. विकणाऱ्याला पैशाची निकड होती आणि या वस्तूंसाठी समुद्रापलीकडे कोणी काय मोजील, याची कल्पना नव्हती. घेणाऱ्याकडे पैसा होता, पण आपण नेमके काय घेत आहोत हे त्यालाही ठाऊक नव्हते. या दोन अज्ञानांच्या मधल्या जागेत बिंगने आपले दुकान मांडले.

१८६७ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात जपानने प्रथमच अधिकृत भाग घेतला, तेव्हापासून पॅरिसला जपानचे वेड लागले होते. त्या वेडाचा व्यापार अनेकांनी केला. बिंगने त्यासाठी बैठक तयार केली. योकोहामा येथे खरेदीचे ठाणे आले. धाकटा भाऊ ऑगस्ट तिकडचे काम पाहू लागला. १८८० मध्ये बिंग स्वतः जपानला गेला आणि पुढच्या वर्षी मोठी खरेदी करून परतला. मधल्या दलालांच्या हातून मिळेल तो माल विकायचा की मुळाशी जाऊन निवडून आणायचा, यांतील दुसरा मार्ग खर्चाचा आणि दगदगीचा होता. पण दुकानाची प्रतिष्ठा त्याच मार्गाने वाढत होती.

त्या काळी युरोपच्या बाजारात सर्वांत अधिक बोलबाला होता तो सात्सुमा भांड्यांचा. हस्तिदंती रंग, बारीक तडतडलेली झिलई आणि त्यावर सोनेरी-तांबड्या रंगांतील दाट नक्षी. घेणाऱ्याला वाटे, ही दोन-तीनशे वर्षांपूर्वीची राजघराण्यांतील भांडी. प्रत्यक्षात त्यांतील बराचसा माल नुकताच, खास परदेशी गिऱ्हाइकांसाठी घडविलेला असे. क्योतो आणि योकोहामा येथील कारखान्यांतून तो पेट्या भरभरून बाहेर पडत होता. जपानी रसिकाच्या लेखी त्याला फारशी किंमत नव्हती. त्याचा जीव अडकत असे तो अगदी वेगळ्या वस्तूत. हाताने घडविलेला, किंचित वाकडा राकू वाडगा, बिझेनची बिनझिलईची करडी-तांबूस बरणी, सेतो किंवा कारात्सुचे साधे चहापात्र, निनसेई आणि केनझान या क्योतोच्या थोर कुंभारांची भांडी. असे पात्र फुटले तर तुकडे लाखेने सांधून त्या सांध्यावर सोन्याची पूड देत. युरोपात तडा गेलेल्या भांड्याची किंमत कोसळते. जपानमध्ये त्या सोनेरी रेघेने भांड्याच्या आयुष्यात एक प्रकरण वाढत असे.

बिंगलाही ही दृष्टी एका दिवसात आली नाही. सुरुवातीच्या काळात त्यानेही झगमगीत माल विकला, कारण गिऱ्हाईक तोच मागत होते. पण विकता विकता तो शिकत गेला. जपानी अभ्यासक निनागावा नोरिताने याने १८७६ पासून जुन्या भांड्यांवर सचित्र ग्रंथमाला काढली होती आणि युरोपातील जिज्ञासूंना तोच पहिला भरवशाचा वाटाड्या होता. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात साध्या चहापात्रांकडे जाणकारांचे लक्ष वेधले गेले. पुढे १८८३ मध्ये लुई गाँस याने जपानी कलेवरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्यातील मातीच्या भांड्यांवरचे प्रकरण लिहिण्यासाठी त्याला बिंगच योग्य वाटला. ज्याच्या दुकानात ही भांडी विकत मिळत, त्यानेच त्यांचा इतिहास लिहिला. आज याचे नवल वाटेल आणि थोडी शंकाही येईल. पण त्या काळी फ्रान्समध्ये इतकी भांडी हाताळलेला दुसरा माणूस शोधणे कठीण होते. विद्यापीठांत हा विषय शिकविला जात नव्हता. ज्ञान होते ते व्यापाऱ्याच्या बोटांत. भांडे उलटे करून त्याच्या बुडाची माती पाहायची, चाकावरून सुटताना दोरीने उमटलेली खूण शोधायची, वजन तोलायचे, झिलई जिथे थांबते तिथे नख फिरवायचे, अशी ही विद्या होती.

ही विद्या बिंगने गुपित ठेवली नाही, हे त्याचे वेगळेपण. सामान्य व्यापारी आपली माहिती मुठीत ठेवतो, कारण माहिती वाटली की नफा वाटला जातो. बिंगचा हिशेब उलटा होता. गिऱ्हाइकाला कळू लागले की ते अधिक चांगले मागते आणि चांगल्यासाठी अधिक मोजते, हे त्याने ओळखले. मे १८८८ मध्ये त्याने जपानी कलेला वाहिलेले एक देखणे मासिक सुरू केले. फ्रेंच, इंग्रजी आणि जर्मन अशा तीन भाषांत ते निघे. एप्रिल १८९१ पर्यंत त्याचे ३६ अंक निघाले. रंगीत छपाईची पाने, जाणकारांचे लेख आणि कारागिरांना उपयोगी पडतील असे नक्षीचे नमुने त्यात असत. १८९० मध्ये पॅरिसच्या सरकारी कलाविद्यालयात त्याने जपानी ठशांच्या चित्रांचे प्रदर्शन भरविले. सातशेहून अधिक चित्रे तिथे मांडली होती. ते पाहून भारावलेल्या चित्रकारांत मेरी कॅसॅट होती आणि पाठोपाठ तिने केलेली दहा रंगीत मुद्राचित्रे आज तिच्या उत्तम कामांत गणली जातात. मासिक आणि प्रदर्शन यांनी लोकशिक्षण केले, तसा दुकानाचाही लौकिक वाढविला. बिंगच्या बाबतीत या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

त्याच्या दुकानात येणारी माणसे दोन टोकांची होती. एकीकडे एदमाँ द गाँकूरसारखे साहित्यिक संग्राहक आणि हॅम्बर्गच्या कारागिरी संग्रहालयाचा संचालक युस्टुस ब्रिंकमन यांच्यासारखे जाणते खरेदीदार होते. दुसरीकडे, १८८६-८७ च्या हिवाळ्यापासून, खिशात फारसे काही नसलेला एक डच चित्रकार तिथे घुटमळू लागला. बिंगच्या पोटमाळ्यावर स्वस्त जपानी ठशांच्या चित्रांच्या थप्प्या होत्या. व्हिन्सेंट व्हॅन गॉग तिथे तासन्‌तास त्या चाळत बसे. त्याने आणि भाऊ तेओने मिळून शेकडो चित्रे जमविली. ती विकून चार पैसे सुटतील, ही आशा त्यामागे होती. १८८७ मध्ये ल ताँबुरँ या कॅफेत त्याने त्यांचे प्रदर्शनही मांडले, पण विक्रीच्या दृष्टीने ते फसले. नफा झाला तो वेगळाच. त्या चित्रांतील सपाट रंग आणि ठळक रेषा त्याच्या चित्रांत उतरल्या. उधारीवर माल देऊन एका कफल्लक गिऱ्हाइकाला पोटमाळ्याची वाट मोकळी ठेवणाऱ्या दुकानाला कलेच्या इतिहासात एवढी जागा मिळेल, हे त्या वेळी कोणाच्याही खातेवहीत नोंदले गेले नसणार.

बिंगच्या व्यवसायाची दुसरी बाजू मात्र इतकी सोज्वळ नव्हती. १८९१ मध्ये समीक्षक फिलीप ब्युर्ती याचा आणि १८९७ मध्ये गाँकूरचा पौर्वात्य कलासंग्रह लिलावात निघाला. दोन्ही वेळी तज्ज्ञ म्हणून बिंगच होता. वस्तू कोणत्या काळातली, कोणत्या भट्टीतली, खरी की नक्कल, याचा निर्वाळा तोच देणार आणि त्याच प्रकारचा माल त्याच्या दुकानातही विक्रीला असणार, असा हा व्यवहार होता. त्या काळच्या पॅरिसमध्ये यात कोणाला वावगे वाटत नसे. तरी या धंद्याचा कच्चा दुवा नेमका इथे होता. जुन्या वस्तूचे मोल शेवटी कोणाच्या तरी शब्दावर ठरते आणि तो शब्द देणारा स्वतः विक्रेता असेल, तर त्याच्या सचोटीपलीकडे दुसरा जामीन नसतो. पॅरिसमध्ये त्याला तुल्यबळ असा प्रतिस्पर्धी होता तो हायाशी तादामासा. १८७८ च्या प्रदर्शनासाठी दुभाषा म्हणून आलेला हा जपानी तरुण तिथेच राहून व्यापारी झाला. युरोपीय व्यापाऱ्यांना जी वर्णने चाचपडत वाचावी लागत, ती त्याला मातृभाषेत वाचता येत. त्याच्यामुळे फ्रेंच संग्राहकांची नजर अधिक चोखंदळ झाली आणि बिंगलाही अधिक काटेकोर व्हावे लागले.

शिवाय या व्यापारात एक देश रिता होत होता. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मोर्स याने जपानमध्ये राहून जमविलेली हजारो भांडी १८९२ मध्ये बॉस्टनच्या संग्रहालयाने विकत घेतली. एवढा मोठा जपानी भांड्यांचा संग्रह त्या काळी जपानबाहेर दुसरा नव्हता. आपला ठेवा बोटींतून निघून जात असल्याची जाणीव जपानलाही झाली आणि १८९७ मध्ये जुन्या देवळांच्या व मठांच्या रक्षणासाठी तिथे कायदा झाला. बिंगसारख्या व्यापाऱ्यांनी या वस्तू परदेशी नेल्या हे खरे. त्या वस्तूंना जगाच्या कलेत मानाचे पान मिळाले ते त्यांच्याच खटाटोपामुळे, हेही तितकेच खरे. यातील कोणतेही एक सत्य दुसऱ्याला पुसून टाकत नाही.

१८९० नंतर या धंद्याचे गणित बदलू लागले. चांगला माल मिळेनासा झाला आणि जो मिळे त्याचे भाव जपानमध्येच चढलेले असत. गिऱ्हाइके शहाणी झाली होती आणि त्यांना शहाणे करण्यात बिंगचाच वाटा मोठा होता. अशा वेळी १८९४ मध्ये फ्रेंच सरकारच्या कलाखात्याने त्याला अमेरिकेतील कलाव्यवसायाची पाहणी करण्यासाठी पाठविले. न्यूयॉर्कला त्याने लुई कम्फर्ट टिफनी याची कार्यशाळा पाहिली आणि तो थक्क झाला. एका छताखाली काच, धातू, लाकूड, भरतकाम अशी सारी कामे चालत होती आणि सर्वांमागे एका कलावंताची दृष्टी होती. काम हाताचे, पण संघटना आधुनिक कारखान्याची. फ्रान्समध्ये कलावंत आणि कारागीर यांच्यात जी दरी पडली होती, ती इथे बुजलेली दिसली.

टिफनीच्या काचेत बिंगला आपल्याच धंद्याचे प्रतिबिंब दिसले असल्यास नवल नाही, कारण त्या काचेचे मूळ एका पुराणवस्तूत होते. रोमन काळातील काचपात्रे शतकानुशतके जमिनीत राहिली, की ओलाव्याने त्यांच्या पृष्ठभागातील क्षार झिरपून जातात आणि पापुद्र्यांसारखे अत्यंत पातळ थर तयार होतात. त्या थरांवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळून मोरपिसासारखे रंग दाखवितो. तसे पाहिले तर ही काचेची झीज. पण संग्राहक याच झिजेवर भाळत आणि तिच्यासाठी पैसे मोजत. काळाला जे करायला हजार-दीड हजार वर्षे लागली, ते टिफनीच्या कारागिरांनी भट्टीसमोर काही क्षणांत साधले. तप्त काचेवर धातूंच्या क्षारांची वाफ किंवा फवारा दिला, की तिच्यावर तशीच चमक चढे. वेगवेगळ्या रंगांची काच वितळलेल्या स्थितीतच एकमेकींत गुंफली जाई, त्यामुळे नक्षी वरून रंगविलेली नसे, अंगचीच असे. १८९४ मध्ये टिफनीने या काचेसाठी फाव्हरील हे व्यापारी नाव नोंदविले. बिंगने युरोपातील तिची विक्री आपल्याकडे घेतली.

एवढ्यावर तो थांबला नाही. बोनार, व्युयार, व्हालोताँ, तुलूझ-लोत्रेक अशा तरुण चित्रकारांकडून त्याने खिडक्यांसाठी आराखडे करून घेतले, ते न्यूयॉर्कला पाठविले आणि टिफनीकडून रंगीत काचेच्या खिडक्या बनवून आणल्या. १८९५ च्या पॅरिस कलामेळ्यात त्या मांडल्या गेल्या. लोत्रेकच्या आराखड्यावरून झालेली सर्कशीच्या दृश्याची खिडकी आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. फ्रेंच चित्रकार, अमेरिकन काचकारागीर आणि हॅम्बर्गहून आलेला व्यापारी यांना एकत्र आणणारा असा सौदा त्या आधी कोणी केला नव्हता.

आणि मग त्या डिसेंबरात आर्ट नूव्होचे दार उघडले. पॅरिसच्या वृत्तपत्रांनी त्याचे स्वागत केले ते टीकेच्या भडिमाराने. फिगारोमध्ये आर्सेन अलेक्झांद्र याने त्या दालनावर कडाडून हल्ला चढविला. फ्रेंच घरात बेल्जियन खोल्या, इंग्रजी कागद आणि अमेरिकन काच कशासाठी, असा एकूण सूर होता. बिंगचा जुना गिऱ्हाईक गाँकूर यालाही ही नवी घडण अजिबात रुचली नाही. वर्षभरापूर्वीच, डिसेंबर १८९४ मध्ये, कॅप्टन ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्याला देशद्रोहाच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा झाली होती आणि फ्रान्समध्ये ज्यूद्वेषाला उधाण आले होते. जर्मनीत जन्मलेल्या ज्यू व्यापाऱ्यावरची टीका अशा वेळी निव्वळ कलेपुरती राहणे शक्यच नव्हते. जपानचा जुना वाडगा विकणारा बिंग पॅरिसला चालत होता. फ्रेंच घर कसे असावे हे सांगणारा बिंग मात्र अनेकांना परका वाटला.

बिंगने या टीकेतून धडा घेतला. १८९८ मध्ये त्याने स्वतःच्या कार्यशाळा सुरू केल्या आणि जॉर्ज द फर, एदुआर कोलोना व युजेन गायार या तिघांना हाताशी घेतले. अठराव्या शतकातील फ्रेंच लालित्याचा वारसा सांगणारी, हलकी आणि नाजूक घडण आता त्याच्याकडे होऊ लागली. द फर आणि कोलोना यांच्या आराखड्यांवरून लिमोझ येथील कारखान्यात पोर्सेलिनची भांडी तयार झाली. कारकिर्दीच्या आरंभी ज्या मातीशी त्याची गाठ पडली होती, तीच पुन्हा त्याच्या हाती आली. ज्यां कारिएस, ऑग्युस्त दलाएर्श, अलेक्झांद्र बिगो यांच्यासारखे फ्रेंच कुंभार जाड, ओघळत्या झिलईची जी भांडी करीत होते, त्यांच्यामागेही जपानच्या जुन्या भांड्यांचीच प्रेरणा होती. पॅरिसमध्ये आलेल्या जुन्या वाडग्यांनी एका पिढीचे हात बदलले होते. १८९९ मध्ये लंडनच्या ग्राफ्टन गॅलरीत बिंगने आपला माल मांडला आणि १९०० च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात स्वतःचे स्वतंत्र दालन उभारले. त्यातील सहा खोल्यांना टीकाकारांनीही दाद दिली. युरोपातील संग्रहालयांनी तेथून खरेदी केली. कीर्तीच्या दृष्टीने हा कळस होता.

हिशेबाच्या दृष्टीने मात्र तिथूनच उतार लागला. नव्या वस्तूच्या धंद्याची रीतच वेगळी. जुना वाडगा एकदा विकत घेतला की त्यावर आणखी खर्च नसतो. तो कपाटात पडून राहिला तरी जुनाच होत जातो आणि त्याची नक्कल कोणी दुकानात मांडू शकत नाही. नव्या खुर्चीसाठी आराखडा, लाकूड, कारागिरांचे पगार, जागेचे भाडे असे सारे आधी मोजावे लागते आणि ती लोकांना आवडली की पुढच्याच वर्षी तिची स्वस्त नक्कल बाजारात येते. १९०० नंतर नेमके हेच झाले. वेलबुट्टीच्या वळणदार नक्षीची भरमसाट आणि हलक्या दर्जाची आवृत्ती घरोघर पोहोचली, आर्ट नूव्हो हे नाव स्वस्त दिखाऊपणाशी जोडले गेले आणि ऐपतदार गिऱ्हाइकाने पाठ फिरविली. बिंगने १९०४ मध्ये हा व्यवसाय आवरता घेतला. रू द प्रोव्हान्सवरच्या त्याच जागेत नान्सीचा फर्निचरकार लुई माजोरेल याची विक्रीपेढी आली.

त्यानंतर बिंग फार जगला नाही. ६ सप्टेंबर १९०५ रोजी पॅरिसजवळील व्होक्रेसाँ येथे त्याचे निधन झाले. पुढच्या वर्षी मे महिन्यात द्युराँ-र्‍युएल यांच्या दालनात त्याच्या पौर्वात्य संग्रहाचा लिलाव झाला. आयुष्यभर इतरांच्या संग्रहांचे लिलाव उभे करणाऱ्या या माणसाच्या निवडक वस्तू आता हातोड्याखाली आल्या आणि चीन-जपानची जुनी भांडी व चित्रे घ्यायला जाणकारांची गर्दी झाली. मुलगा मार्सेल दागिन्यांचे आराखडे करीत असे. वडिलांच्या पश्चात तोही पौर्वात्य जुन्या वस्तूंच्या व्यापाराकडे वळला. घराचा दिवा पुन्हा जुन्याच तेलावर तेवत राहिला.

बिंगने ज्या नव्या काचेवर पैज लावली होती, तिचे नशीब उघडायला आणखी अर्धे शतक जावे लागले. पहिल्या महायुद्धानंतर टिफनीची काच जुनाट ठरली. १९३२ मध्ये त्याची कंपनी दिवाळखोरीत गेली आणि पुढच्या वर्षी तो स्वतः वारला. अनेक घरांतून ती काच अडगळीत गेली किंवा फेकली गेली. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून वारे फिरू लागले. १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने आर्ट नूव्होचे मोठे प्रदर्शन भरविले आणि अडगळीतली ती दिवे-पात्रे लिलावगृहांत मानाने परतली. बिंगच्या दुकानात जी काच नवी म्हणून खपली होती, ती आता पुराणवस्तू म्हणून मोलाची ठरली. नफा झाला, पण तो ज्याने धोका पत्करला त्याच्या वाट्याला आला नाही. ज्यांनी दुर्लक्षाच्या काळात ती जपली किंवा उकिरड्यावरून उचलली, त्यांना तो मिळाला.

दुसऱ्यांच्या वस्तूंवर अचूक नाव-गाव-काळ लिहून देणाऱ्या या पारख्याच्या स्वतःच्या नावाची मात्र दीर्घकाळ गल्लत झाली. तो एस. बिंग अशी सही करी. त्या आद्याक्षरावरून पुढच्या लेखकांनी त्याचे नाव सॅम्युएल ठरवून टाकले आणि अनेक दशके पुस्तकांतून तेच छापले गेले. अमेरिकन अभ्यासक गॅब्रिएल वाइसबर्ग यांनी त्याच्यावर संशोधन करून १९८६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला आणि २००४ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात बिंगच्या पेढीवर स्वतंत्र प्रदर्शन भरले. पोटमाळ्यावर उधारीने चित्रे चाळणाऱ्या त्या गिऱ्हाइकाच्या नावाने उभ्या राहिलेल्या वास्तूत, त्याला ती चित्रे दाखविणाऱ्या दुकानदाराचा असा शंभर वर्षांनी सन्मान झाला. एव्हाना जुन्या भांड्यांच्या आणि काचेच्या व्यापाराचा तो स्वतःच एक भाग झाला होता. त्याच्या पेढीतून गेलेली वस्तू लिलावाला आली, की तिच्या पूर्वेतिहासात बिंग हे नाव आवर्जून नोंदले जाते आणि त्या नोंदीने तिची पत वाढते.